फाटकापाशी बोललेले खोटे

थोरल्या मुलीला मी पहिल्यांदा बालवाडीत सोडायला गेलो तो २०११ सालचा जून महिना होता. सोलापुरात मृगाचा पाऊस नुसता शिवून गेला होता. मुलगी सव्वातीन वर्षांची. तिची आई शिक्षिका, तिची शाळा सकाळी सातची. त्यामुळे हे काम माझ्याकडे आले. नवे दप्तर, डबा, गळ्यात पाण्याची बाटली आणि माझी दोन बोटे घट्ट धरलेला तिचा हात, असे आम्ही फाटकातून आत गेलो.

बाई अनुभवी होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितले, "सर, ती ठोकळ्यांत रमली की तुम्ही हळूच निघा. सांगून निघालात तर रडेल." त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हते. वर्षानुवर्षे त्या हेच सांगत आल्या असतील आणि माझ्यासारखे बाप हेच ऐकत आले असतील.

मुलीने खाली बसण्यापूर्वी वर पाहून विचारले, "अब्बा, तुम जाओगे?" मी म्हणालो, "नहीं बेटा, मैं यहींच बैठता हूँ."

या 'यहींच'मधला 'च' आमच्या दखनीने मराठीकडून घेतलेला आहे. शब्दावर भार द्यायचा, शंकेला जागा ठेवायची नाही, यासाठी तो आम्ही वापरतो. मुलीने त्या 'च'वर विश्वास ठेवला आणि ती ठोकळ्यांकडे वळली. मी व्हरांड्यातून चपला हातात घेऊन निघालो. स्कूटर सुरू केल्याचा आवाज येऊ नये म्हणून कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली.

पुढचे मला तिथल्या मावशींनी सांगितले. मुलगी थोड्या वेळाने बाहेर आली, ज्या बाकावर मी बसणार होतो त्या बाकावर जाऊन बसली आणि डबा खायलाही उठली नाही. रडली ती बऱ्याच उशिरा. घ्यायला गेलो तेव्हा तिने शाळेबद्दल काही सांगितले नाही. एवढेच विचारले, "तुम तो यहींच थे ना?" मी म्हणालो, "हाँ, पानी पीने गया था." पहिले खोटे सांभाळायला दुसरे लागले.

आठदहा दिवसांत तिचे रडणे थांबले. बाई म्हणाल्या, "रुळली बघा." घरी सगळ्यांना हायसे वाटले. पण घरात मला न्हाणीघरात जाणे मुश्कील झाले. ती दाराबाहेर बसून राहायची. रात्री झोपेत हात चाचपून माझ्या कुर्त्याचे टोक शोधायची. मोठी माणसे म्हणाली, वयच तसे असते. मीही ते मान्य केले, कारण ते मान्य करणे सोयीचे होते.

ऑगस्टमध्ये एका रविवारी मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. मुलीने बाहुलीला खुर्चीवर बसवले, पुढ्यात दोन ठोकळे ठेवले आणि म्हणाली, "मैं यहींच बैठती हूँ, हाँ?" मग तिने कोपऱ्यातल्या आपल्या चपला उचलल्या आणि त्या हातात धरून, पाय न वाजवता, ती पडद्याआड गेली.

चपला हातात धरून! म्हणजे तिने मला जाताना पाहिले होते. ठोकळ्यांवरून नजर उचलून, खिडकीतून, केव्हातरी. मग दुपारी "तुम तो यहींच थे ना?" हे तिने कशासाठी विचारले असेल? आपण पाहिले ते खरे नव्हते, असे तिला माझ्या तोंडून हवे होते का? की मी काय उत्तर देतो हे तिला बघायचे होते? सव्वातीन वर्षांच्या मुलीच्या मनात काय असते हे मी आजही सांगू शकत नाही. माझ्या मनात काय होते ते मात्र सांगू शकतो आणि हा लेख त्याबद्दलच आहे.

मुलांशी आपण जे खोटे बोलतो त्याला आपण खोटे म्हणतच नाही. समजूत घालणे म्हणतो, लक्ष दुसरीकडे वळवणे म्हणतो. बागुलबुवा येईल, औषध गोड आहे, सुई टोचणार नाही, अब्बा बाहेरच बसलेत. मोठ्या माणसाशी असे बोललो तर तो आपल्याशी भांडेल, संबंध तोडेल. मूल यातले काही करू शकत नाही. तरीही आपण मुलाला घरी आल्यावर शिकवतो की खोटे बोलू नये.

मी ही बोच अम्मांना बोलून दाखवली. अम्मा उर्दू शाळेत शिकलेल्या. शेख सादींच्या 'गुलिस्ताँ'तल्या गोष्टी त्यांना पाठ. त्या म्हणाल्या, "बेटा, भलाई के लिए बोला हुआ झूठ, झूठ नहीं होता," आणि त्यांनी मला 'गुलिस्ताँ'तली अगदी पहिली गोष्ट सांगितली. बादशहाने एका कैद्याला मारायचा हुकूम दिला. जिवाची आशा सुटलेल्या कैद्याने आपल्या भाषेत बादशहाला शिव्या दिल्या. बादशहाने विचारले, हा काय म्हणतो? एका भल्या वजिराने सांगितले, राग गिळून क्षमा करणाऱ्यांची हा स्तुती करतो आहे. बादशहाला दया आली. दुसऱ्या वजिराने खरे काय ते सांगून टाकले. तेव्हा बादशहा म्हणाला, तुझ्या खऱ्यापेक्षा मला याचे खोटे अधिक आवडले.

सादींनी 'गुलिस्ताँ' १२५८ साली पूर्ण केले. साडेसातशे वर्षे ही गोष्ट लोक सांगत आले आहेत, कारण तिच्यात तथ्य आहे. कोणत्याही परिस्थितीत खोटे बोलू नये, मित्राच्या जिवावर उठलेला मारेकरी दारात उभा राहून विचारत असला तरी बोलू नये, असे जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ साली लिहिले. मला ते पटत नाही. मारेकऱ्याला मित्राचा पत्ता देणारा सत्यवादी मला नको. मी सादींच्या बाजूचा आहे.

पण अम्मांची गोष्ट मी मनात घोळवत राहिलो आणि मला दिसले की ती माझ्या कामाची नाही. वजीर खोटे बोलला ते बादशहाशी, म्हणजे आपल्याहून बलवानाशी. बोलला ते कैद्यासाठी, म्हणजे दुबळ्यासाठी. पकडला गेला असता तर स्वतःचे डोके गेले असते. माझे काय? मी खोटे बोललो ते माझ्याहून दुबळ्या जिवाशी. बोललो ते मला तिचे रडणे बघायला नको होते म्हणून आणि मला दहाच्या तासाला कॉलेजात पोहोचायचे होते म्हणून. पकडला गेलो असतो तरी माझे काहीच बिघडणार नव्हते. बिघडले ते तिचे. तेच तीन घटक, बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्यासाठी बोलायचे तो. पण माझ्या गोष्टीत ते सगळे उलटे झाले होते.

खोट्याचा न्याय करताना 'हेतू चांगला होता का' एवढेच विचारून भागत नाही, असे मला तेव्हापासून वाटते. ते कोणत्या दिशेने बोलले गेले, वरून खाली की खालून वर, हेही पाहावे लागते. ज्याला आपले बोलणे पडताळून पाहता येत नाही, ज्याला आपल्यावाचून दुसरा आधार नाही, त्याच्याशी बोललेले खोटे सगळ्यात सोपे असते. म्हणूनच तिथे अधिक जपायला हवे.

अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात एक लहानसा प्रसंग आहे. अब्दुल्लाह बिन आमिर हे लहान असताना त्यांच्या आईने त्यांना हाक मारली, ये, तुला काहीतरी देते. पैगंबर (स.) तेव्हा त्यांच्या घरी बसले होते. त्यांनी आईला विचारले, तुझा त्याला काय द्यायचा विचार होता? ती म्हणाली, खजूर. तेव्हा त्यांनी सांगितले की तू त्याला काही दिले नसतेस तर तुझ्या नावावर एक खोटे लिहिले गेले असते. हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि मुलांना दिलेली वचने पाळावीत एवढाच बोध घेत होतो. आता त्यातले आणखी एक दिसते. विचारणा आईला झाली. मुलाचे लहानपण ही आईसाठी सबब ठरली नाही. एका खजुराचाही हिशेब मोठ्या माणसांतल्या व्यवहारासारखाच झाला.

'रुळली' या शब्दाबद्दलही सांगायला हवे. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन या स्कॉटिश समाजसेवकाने दोन वर्षांच्या एका मुलीवर छोटा चित्रपट केला. ती मुलगी आठ दिवस इस्पितळात होती. त्या काळी इंग्लंडच्या इस्पितळांत आईबापांना मुलाजवळ राहू देत नसत. भेटीही थोड्या वेळाच्या. मुले आधी रडत, मग गप्प होत, आणि डॉक्टर-परिचारिका म्हणत, मूल रुळले. रॉबर्टसनने दाखवले की ते गप्प होणे म्हणजे रुळणे नव्हे. मुलाने आशा सोडलेली असते. डॉक्टरमंडळींनी आधी विरोध केला, पण १९५९ साली तिथल्या सरकारी समितीने आईबापांना मुलांना भेटण्याची मोकळीक द्यावी अशी शिफारस केली. बालवाडीचे चार तास म्हणजे इस्पितळातले आठ दिवस नव्हेत, हे मला कळते. पण रडे थांबले म्हणजे सारे ठीक झाले, हा आपला हिशेब मात्र तोच आहे.

आमच्याकडे शिक्षणाची सुरुवात बिस्मिल्लाहने होई. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की त्याला नवे कपडे घालून वडीलधाऱ्यांच्या पुढ्यात बसवत आणि पहिली अक्षरे म्हणवून घेत. माझी बिस्मिल्लाह दादीच्या मांडीवर झाली. तिथे कुणी कुणाला सोडून जात नसे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले. पाड्यावरची आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. या दोन्ही रीतींत मुलाला तुटल्यासारखे वाटू नये याची काळजी होती. आज आईबाप दोघे कामावर जातात, घरात दादी नसते, अंगणही नसते. मुलाला तीन वर्षांचे असताना फाटकाशी सोडावेच लागते. सोडणे टळत नाही. मग निदान सांगून सोडावे.

धाकट्याची वेळ २०१६ साली आली. मी ठरवून टाकले होते. फाटकाशी त्याला सांगितले, "बेटा, मैं जा रहा हूँ." तीन वर्षांच्या मुलाला 'बारा वाजता' कळत नाही. म्हणून सांगितले, "पहले खेल, फिर डिब्बा, फिर गाना, फिर घंटी. घंटी के बाद अब्बा." आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्कूटर सुरू केली.

सत्याला लगेच फळ आले असे मी सांगणार नाही. तो थोरलीपेक्षा जास्त दिवस रडला. बाई माझ्यावर नाराज झाल्या, आणि त्यांची बाजू खोटी नव्हती. एक मूल रडले की पंचवीस मुले सूर धरतात. माझ्या खरे बोलण्याची किंमत रोज सकाळी त्यांना मोजावी लागत होती. फाटकाशी विड्यांच्या कारखान्यात माल द्यायला निघालेल्या बायाही असत. त्यांना रडणाऱ्या मुलाची समजूत घालत उभे राहायला सवड कुठली? त्यांना उपदेश करण्याचा मला काहीच अधिकार नाही. पण त्यांच्यातलीच एक जण रोज मुलाचे तोंड पदराने पुसून "जाते मी, दुपारी येते" एवढे म्हणून ताडताड निघून जायची. त्याला अर्धे मिनिटही लागत नसे. खरे सांगायला वेळ लागत नाही. मुलाचे रडणे पाठीवर घेऊन चालावे लागते, एवढेच. तिला ते जमत होते. मला थोरलीच्या वेळी जमले नव्हते.

खरे बोलले की ते पाळावेही लागते. एकदा मीटिंग लांबली आणि मी वीस मिनिटे उशिरा पोहोचलो. धाकटा दप्तर पाठीला लावून पायरीवर बसला होता. म्हणाला, "घंटी हो गई थी." जिभेवर सबब आली होती. ती गिळून म्हणालो, "हाँ, हो गई थी. मुझे देर हुई. गलती मेरी." तो काही बोलला नाही. स्कूटरवर पुढे उभा राहिला आणि घरापर्यंत गाणे म्हणत आला.

थोरली आता कॉलेजात जाते. हा लेख लिहिण्याआधी मी तिला बाकाची, चपलांची आणि बाहुलीची गोष्ट सांगितली. तुझ्याशी खोटे बोललो होतो, असेही सांगितले. ती हसली. म्हणाली, "अब्बा, मला यातलं काहीच आठवत नाही." खरेच आठवत नसेल. मात्र घरातून कुणीही बाहेर निघाले की कुठे निघालात आणि परत कधी येणार हे ती दोनदा विचारते. तिचा स्वभावच तसा असेल. मी दोन्ही वेळा थांबून नीट उत्तर देतो आणि सांगितलेल्या वेळेला परत येतो.