पंजावर पडलेली मतं

डिसेंबर २०२५च्या निवडणुकीत अंबरनाथ नगरपरिषदेत शिंदेंच्या शिवसेनेचे २७, भाजपचे १४, काँग्रेसचे १२ आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे ४ नगरसेवक निवडून आले. नगराध्यक्षपद भाजपला मिळालं. जानेवारीत भाजपने राज्यातल्या मित्रपक्षालाच बाजूला सारून काँग्रेस आणि राष्ट्रवादीसोबत ‘अंबरनाथ विकास आघाडी’ केली. काँग्रेसने आपल्या बाराही जणांना निलंबित केलं, तर ते भाजपमध्ये गेले. राष्ट्रवादीचे चौघे मग शिवसेनेकडे वळले.

यांना दलबदलू म्हणून मोकळं होता येतं. पण त्या एका शब्दात फार वेगवेगळी माणसं कोंबली जातात. किसन कथोरे २००४ला अंबरनाथमधून आणि २००९ला मुरबाडमधून राष्ट्रवादीचे आमदार झाले. २०१४ला ते भाजपमध्ये गेले, पण गेले ते कमळ घेऊन मतदारांपुढे. बदलापूर-मुरबाडकरांना तो बदल नाकारता आला असता. त्यांनी कथोरेंना तेव्हापासून तीनदा निवडून दिलं. उल्हासनगरची गोष्ट आणखी निराळी. पप्पू कलानी १९९०ला काँग्रेसचे आमदार, १९९५ला तुरुंगातून अपक्ष. पत्नी ज्योती २०१४ला राष्ट्रवादीच्या आमदार, सून पंचम २०१८ला भाजपच्या महापौर. तिथे अनेकजण आडनाव बघून मत देत आले. मला ते पटत नाही, पण त्यात मतदाराला अंधारात ठेवलं, असंही म्हणवत नाही.

अंबरनाथमध्ये मात्र मत एका चिन्हावर पडलं आणि महिन्याभरात दुसऱ्या चिन्हाच्या कामी आलं. पंजासमोरचं बटण दाबणाऱ्या कितीतरी जणांना कमळ नको होतं. मतात होकाराइतकाच नकारही असतो, आणि तो नकार परस्पर फिरवायचा हक्क नगरसेवकाला कुणी दिलेला नसतो. पक्षाचं नाव म्हणूनच मला नेत्यापेक्षा मतदाराच्या मालकीचं वाटतं.

नगरसेवकाची अडचणही खरी आहे. विरोधात बसलं की प्रभागातल्या गटाराला आणि पाण्याच्या लाइनला निधी मिळत नाही, हे सगळ्या नगरपालिकांमध्ये ऐकू येतं. निधी मंत्रालयातल्या मर्जीवर अवलंबून राहील तोवर छोट्या शहरांतल्या निष्ठा अशाच ताणल्या जातील. पण त्यावरही सरळ वाट होती. बाराजणांनी राजीनामे द्यायचे, आपापल्या प्रभागात कमळावर पोटनिवडणूक लढवायची आणि गटारासाठी पक्ष बदलला हे घरोघरी जाऊन सांगायचं. कदाचित लोकांनी ते मानलंही असतं.