दुव्याची साक्ष

एका संकेतस्थळाने दुसऱ्याला दिलेला दुवा ही साक्ष मानायची, या गृहीतावर गुगलचे शोधयंत्र उभे राहिले. स्टॅनफर्डमधील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये मांडलेल्या पेजरँक पद्धतीत पानाचे वजन त्याकडे येणाऱ्या दुव्यांवरून ठरते. मग प्रश्न जुनाच उरतो : साक्ष विश्वासार्ह कशाने होते?

न्यायदर्शनाने शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानले, पण तो आप्ताचा असेल तरच. भाष्यकार वात्स्यायनांच्या मते आप्त म्हणजे वस्तू स्वतः जाणणारा आणि जाणली तशीच सांगू इच्छिणारा. ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना कसोटी एकच. ही उदारता फार मोलाची आहे, कारण तिथे मान ज्ञानाला आहे, कुळाला नाही.

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा जलाशयाच्या काठी दुर्बीण घेऊन बसणाऱ्या पक्षीनिरीक्षकाने आपल्या नोंदींखाली तिथल्या निवासाच्या संकेतस्थळाचा दुवा दिला, तर आप्ताच्या दोन्ही अटी पुऱ्या होतात. तोच दुवा बोदलकसा नकाशावरही न पाहिलेल्याने पैसे घेऊन दिला, तर एकही नाही. असे दुवे जमवणाऱ्यांना गुगलने 2012 च्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलापासून शोधनिकालात खाली ढकलले. विकत घेतलेल्या दुव्याला ‘स्पॉन्सर्ड’ अशी खूण जोडण्याची सोय 2019 मध्ये आली. ती खूण पानाच्या संकेतावलीत असते. यंत्राला व्यवहार कळतो, वाचकाला मात्र तो पानावर वेगळा सांगावा लागतो.

दुवा मागणे गैर नाही. जागा पाहिलेल्याकडे मागितला आणि नकार द्यायची त्याला मोकळीक असली, तर साक्ष खरीच राहते.