आपोआप आलं

भूमकर चौकात सेकंड शिफ्टची बस रिकामी होते तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. ताथवड्यातल्या आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ त्या बसने येतात. चाकणला पत्र्याचे भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर आहेत. परवा बूट काढताना त्यांना आतल्या खोलीच्या दाराखाली निळसर उजेड दिसला. बारा वर्षांचा मुलगा पांघरुणात मोबाइल घेऊन जागा होता. स्क्रीनवर चारपाच जण एकाला पट्ट्याने झोडपत होते आणि खाली लोकांनी टाकलेल्या हसऱ्या चेहऱ्यांची रांग. "असलं शोधून बघतोस?" असं विचारल्यावर पोरगा रडकुंडीला आला. "मी नाही शोधलं, बाबा. मी क्रिकेट बघत होतो. हे आपोआप आलं."

दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी हे सांगताना ते म्हणाले, "आमच्याकडे बोट गेलेला ऑपरेटर अगदी हेच सांगतो. साहेब, मी पेडल दाबलंच नव्हतं, प्रेस आपोआप खाली आला."

आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. जुन्या प्रेसचा क्लच झिजला की पेडल एकदा दाबलं तरी तो दोनदा खाली येतो. याला डबल स्ट्रोक म्हणतात. पहिल्या ठोक्यानंतर ऑपरेटर तयार भाग काढायला हात आत घालतो, तेवढ्यात दुसरा. कागदावर मात्र 'कामगाराचा निष्काळजीपणा' एवढीच नोंद. खरं तर कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम २१ ने यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम कुंपण घालायची जबाबदारी मालकावर टाकली होती. आज बऱ्या कारखान्यांत प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक होत नाही. हात बटणावर असले की साच्यात असूच शकत नाहीत. ऑपरेटर शहाणा असेल अशी अपेक्षा या रचनेत कुठेही नाही. झोप अनावर झालेला, घरी भांडून आलेला, कालच कंत्राटावर लागलेला पोरगाही वाचला पाहिजे, असं धरूनच ती केलेली आहे.

मुलांच्या मोबाइलबाबत आपण अजून त्या जुन्या कागदावरच अडकलो आहोत. 'पालकांचं लक्ष नाही.' शाळेत सायबर जागरूकतेचं एक सत्र होतं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना फिरते. म्हणजे भिंतीवर पोस्टर लावायचं आणि प्रेस तसाच चालू ठेवायचा. कुंपण म्हणून काय आहे? जन्मतारीख विचारणारं एक चाक. बोटाने फिरवलं की साल मागे मागे जातं. सहावीतला मुलगा ते २००१ वर आणून सोडतो आणि एका सेकंदात सज्ञान होतो. आणि एका बाबतीत हे प्रेसपेक्षाही वाईट आहे. प्रेस दुसऱ्यांदा खाली येतो तो बिघडला म्हणून. व्हिडिओमागून व्हिडिओ येतो तो मात्र तसाच बनवलेला आहे म्हणून.

ब्रिटनमध्ये मॉली रसेल ही १४ वर्षांची मुलगी २०१७ मध्ये गेली. तिच्या मृत्यूच्या चौकशीत जणू यंत्राचं लॉगबुकच उघडलं गेलं: अखेरच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर सेव्ह, लाइक वा शेअर केलेल्या सुमारे १६,३०० गोष्टींपैकी २,१०० नैराश्य, स्वतःला इजा आणि आत्महत्येबद्दलच्या होत्या. या मजकुराचाही तिच्या मृत्यूला हातभार लागला, असं कॉरोनरने सप्टेंबर २०२२ मध्ये नोंदवलं. 'कामगाराचा निष्काळजीपणा' हा रकाना तिथे पुरेसा वाटला नाही.

आमच्या शेजारी किवळ्यात जुलै २०२४ मध्ये दहावीतला एक मुलगा गेला. त्याच्या वह्यांत ऑनलाइन खेळाच्या डावपेचांच्या आकृत्या सापडल्या. त्या आठवड्यात इथल्या प्रत्येक घरात एकच प्रश्न होता: खेळ कुठला? मला तो प्रश्न तेव्हाही पटला नाही. एखाद्या मुलाचं जाणं एका खेळाच्या नावावर मांडून मोकळं होता येत नाही. २०१७ मध्ये 'ब्ल्यू व्हेल'ने देश हादरला होता. पुढे मुलांच्या आत्महत्यांशी त्या खेळाचा संबंध तपासात सिद्ध झाला नसल्याचं सरकारलाच संसदेत सांगावं लागलं. एका राक्षसाचं नाव शोधत बसलं की रोजचं यंत्र नजरेआड राहतं.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद. पोरांचा आणि मोठ्यांचाही. मला हे मनापासून आवडतं. पण ताथवड्यात सात कुठल्या घड्याळाचे धरायचे? तेव्हा सेकंड शिफ्ट ऐन भरात असते आणि हिंजवडीची आयटीवाली आई वाकडच्या ट्रॅफिकमध्ये. एका गावाला एक देऊळ, एक भोंगा पुरतो. आमच्या एकेका टॉवरमध्ये तेवढं गाव राहतं.

म्हणून कुंपण यंत्र बनवणाऱ्यानेच घालायला हवं. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी घातली. बंदी शहाणपणाची की नाही यावर मी अजून डळमळीत आहे, पण त्यातली एक गोष्ट बिनचूक आहे: ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतचा दंड कंपनीला, मुलाला किंवा आईबापाला नाही. आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्यांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई करतो, पालकांची पडताळलेली संमती मागतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, या तरतुदींना मात्र आणखी अठरा महिन्यांची मुदत. आणि वय पडताळायला पोरांची कागदपत्रं पुन्हा त्याच कंपन्यांच्या हाती द्यायची का, हा काटा राहतोच.

कुंपण घातलं की संपलं, असंही नाही. दोन बटणांतलं एक चिकटपट्टीने दाबून ठेवणारे ऑपरेटर सुपरवायझरांनी पाहिले आहेत. "पट्टी दिसली की मी आधी टार्गेटचा तक्ता बघतो," ते म्हणाले. "पोरगा उगाच नाही पट्टी लावत."

त्या रविवारी बापलेकांनी मिळून व्हिडिओ आपोआप चालू होण्याची सोय बंद केली. ती जागा सापडायला सेटिंगच्या पाच पानांआड जावं लागलं. प्रेस तत्काळ थांबवणारं लाल मशरूम बटण हाताच्या अंतरावर असतं, हे त्यांनी मुलाला तेव्हाच सांगितलं. दोन आठवड्यांनी अपडेट आलं आणि ती सोय पुन्हा सुरू झाली होती.

"आमच्याकडे निदान फॅक्टरी इन्स्पेक्टर येतो," लिफ्टचं दार बंद होता होता ते म्हणाले. "इथे कोण येतं?"