दुसऱ्याच्या कामाविषयी वाचताना

कामासंबंधीची पुस्तके वाचणारा मनुष्य ती कोणाच्या जागी बसून वाचतो, हा प्रश्न माझ्या मनात फार उशिरा उद्भवला. आणि तोही एखाद्या पुस्तकाने नव्हे, एका मजूर बाईने उत्पन्न केला.

पहूरच्या परिसरातील एका जिनिंगमध्ये मी काही वर्षे देखरेखीस होतो. पुण्याच्या कचेरीत असलेल्या भाच्याने मला ‘कार्यसंस्कृती’वरची दोन-तीन पुस्तके आणून दिली. भाषा मोठी गोड. ती वाचून आपण मजुरांचे हितकर्तेच आहोत असे कोणासही वाटावे. त्यांतील सल्ल्यावरून मी दरमहा उत्तम मजुराचे नाव फळ्यावर लिहून शंभर रुपये बक्षीस देण्याची प्रथा पाडली. पहिले नाव कापूस निवडणाऱ्या एका विधवेचे लागले. चौथ्या दिवशी ती दाराशी येऊन उभी राहिली. “भाऊ, तेवढं माह्यं नाव पुसा.” माठाजवळ बाकीच्या बाया तिच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या.

या साऱ्या पुस्तकांचा पूर्वज म्हणावा असा ग्रंथ अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर याने १९११ साली प्रसिद्ध केला. लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या ‘श्मिट’ नावाच्या मजुराची कथा त्यात आहे. दिवसाला साडेबारा टन उचलणारा तो साडेसत्तेचाळीस टन उचलू लागला; मजुरी मात्र १.१५ डॉलरवरून १.८५ वर गेली. टेलरने त्याला मुद्दाम इतरांपासून वेगळा काढला होता. अशा मजुराची बुद्धी बैलासारखी असते, असेही तो निःसंकोच लिहितो. ज्या मुलखात पोळ्याला बैलापुढे पुरणपोळी ठेवतात तेथील वाचकाला ही उपमा जरा निराळी लागते, पण ते असो. मी जे केले ते टेलरचेच होते. फक्त माझ्या हाती खडू होता.

भालचंद्र नेमाडे यांची ‘बिढार’ (१९७५) आणि तिच्या पुढच्या कादंबऱ्या मी पाचोरा-जामनेर या छोट्या गाडीत वाचल्या. २०२० साली ती गाडी बंद पडली. तिच्या गतीला त्या कादंबऱ्या शोभत असत. चांगदेव पाटील एका कॉलेजातून दुसऱ्यात जातो, आणि प्राध्यापकांच्या खोलीत कोण कोणाशी का बोलत नाही हे हळूहळू आपल्याला कळत जाते. माठाजवळच्या अबोल्याचे कारण मला कळले ते या वाचनामुळे. तथापि कादंबरीची तरफदारी करताना मला संकोच वाटतो. टेलरने श्मिटला सत्तर सेंट तरी वाढवून दिले. माझ्या कादंबरीवाचनाने कोणाच्या रोजात एक पैसाही वाढला नाही. गाडीत बसून आलेल्या कळवळ्याला तिकिटापलीकडे खर्च येत नाही.

मग उरतो तो विचार सांगणारा ग्रंथ. आमच्या खानदेशातच, धुळ्याच्या तुरुंगात, २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक याप्रमाणे विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. कर्माविषयी इतके निर्मळ बोलणे मी क्वचितच वाचले आहे. परंतु तेथे वक्ता आणि श्रोते एकाच फाटकाच्या आत कोंडलेले होते. फळाची आशा धरू नका, हे कैद्याने कैद्याला सांगणे वेगळे, आणि देखरेख करणाराने रोजंदारीच्या बाईला सांगणे वेगळे. शब्द तेच राहिले तरी दुसऱ्याच्या तोंडी तो उपदेश राहत नाही, हिशेब होतो. मोह मलाही झाला होता. ती दाराशी उभी असताना ‘लोकांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये, आपण आपले काम करावे,’ हे वाक्य अगदी ओठांवर आले होते.

ते मी गिळले आणि नाव पुसले. पुसून होईपर्यंत ती हलली नाही. बक्षिसाचे शंभर रुपये मात्र तिने परत केले नाहीत, आणि त्यात तिला काही विसंगत वाटले असेल असे मला वाटत नाही.