तिच्या हातांचे फळ

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे ३१:१०-३१



नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील हा शास्त्रभाग आपल्या परिचयाचा आहे. मातृदिनाच्या उपासनेत तो वाचला जातो, वृद्ध मातेच्या अंत्यविधीच्या वेळी वाचला जातो, आणि पुष्कळदा त्यातील एखादे वचन तिच्या कबरेच्या दगडावर कोरले जाते. परंतु जे वचन फार परिचयाचे असते, ते नीट ऐकले जातेच असे नाही. म्हणून आज आपण या शास्त्रभागातील दोनच शब्दांपाशी थांबू या. एक आरंभीचा आहे, दुसरा शेवटचा.

आरंभीचा शब्द आहे 'सद्गुणी'. सद्गुणी स्त्री म्हटले की आपल्यापुढे शांत, सोशिक, न बोलणारी स्त्री उभी राहते. मूळ इब्री शब्द मात्र निराळाच आहे. 'एशेत हायिल' असे तिचे वर्णन आहे, आणि 'हायिल' म्हणजे बळ, पराक्रम, कर्तृत्व. परमेश्वराचा दूत गिदोनाला शूर वीर म्हणून हाक मारतो, तेथे हाच शब्द आहे (शास्ते ६:१२). लोकांवर नेमण्यासाठी मोशेने निवडावयाची कर्तबगार माणसे याच शब्दाने ओळखली जातात (निर्गम १८:२१). रणांगणावरील आणि न्यायासनावरील हा शब्द पवित्र शास्त्र चुलीपाशी, चातीपाशी आणि द्राक्षमळ्यात राबणाऱ्या स्त्रीला लावते. बावीस वचनांच्या या काव्यात प्रत्येक वचनाचा आरंभ इब्री वर्णमालेतील पुढच्या अक्षराने होतो. जणू कवीला सांगावयाचे आहे की, तिच्या कामाची यादी करावयास बसलात तर सारी मुळाक्षरे खर्ची पडतील.

हा शब्द मला शब्दकोशाच्या आधी माझ्या आईच्या जीवनात वाचावयास मिळाला. पूर्वीचा अहमदनगर, आजचा अहिल्यानगर जिल्हा. कोरडवाहू रान आणि आम्ही नऊ भावंडे. पहाटेच्या अंधारात जात्याची घरघर सुरू होई, आणि तिच्यासोबत आईच्या तोंडून टिळकांची पदे ऐकू येत. दळण, पाणी, भाकऱ्या, मग पदर खोचून दिवसभर खुरपणी. संध्याकाळी सरपणाचा भारा डोक्यावर घेऊन ती परते. तिला अक्षरओळख नव्हती. रात्री कंदिलाच्या उजेडात आम्हांपैकी कोणी स्तोत्र वाची, आणि फाटलेले कपडे शिवता शिवता ती ते पाठ करी. १९७२ च्या दुष्काळात तिने इतर बायांबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडली. कामावर मिळणारी सुकडी ती स्वतः न खाता पदरात बांधून आणी, आणि मिलोच्या लाल भाकरीचे नऊ वाटे करी. त्या वर्षीदेखील दळण्यापूर्वी मूठभर धान्य वेगळ्या गाडग्यात टाकल्यावाचून तिने जात्याला हात लावला नाही. ती मूठ मंडळीतील एका निराधार म्हातारीची असे.

अशा मुठी आपल्या देशातील कितीतरी घरांत बाजूला पडत आल्या आहेत. मिझोराममधील मंडळीत १९१० पासून स्त्रिया प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवाच्या कार्यासाठी काढून ठेवतात, आणि त्या तांदळावर तेथील सुवार्ताकार्याचा फार मोठा भार पेलला गेला आहे. आपल्या मंडळ्यांच्या इतिहासात मिशनऱ्यांची आणि पाळकांची नावे आहेत, आणि ती असावीतच. परंतु मूठ काढणाऱ्या हातांची नावे त्यांत क्वचितच सापडतात.

आता शेवटच्या वचनाकडे वळू या. अठ्ठाविसाव्या वचनात मुले उठून आईला धन्य म्हणतात व पतीही तिची प्रशंसा करतो. आपण सहसा येथेच थांबतो. श्रद्धांजलीची भाषणे होतात, तसबिरीला हार घातला जातो, डोळे पुसले जातात. पवित्र शास्त्र मात्र थांबत नाही. एकतिसाव्या वचनात ते आज्ञा करते की, तिच्या हातांचे फळ तिला द्या. येथे वर्णन संपले आहे आणि क्रियापद आज्ञार्थी झाले आहे. त्याचा रोख तिच्याकडे नसून आपल्याकडे आहे. तिने पुष्कळ दिले. आता तुम्ही द्या.

आणि हे कोठे घडावयाचे? वेशीत. हाच तो दुसरा शब्द. इस्राएलात नगराची वेस म्हणजे केवळ येण्याजाण्याची वाट नव्हे. तेथे वडील माणसे बसत, न्यायनिवाडा होई, जमिनीचे व्यवहार साक्षीदारांपुढे पुरे होत. नामीच्या शेताचा प्रश्न बवाजाने वेशीतच सोडविला (रूथ ४). त्याआधी रूथ ही 'हायिल' स्त्री आहे हे माझ्या लोकांची सारी वेस जाणते, असे तो म्हणतो (रूथ ३:११). मूळ इब्रीत तेथे 'वेस' हाच शब्द आहे. म्हणजे घरातील प्रशंसा पुरेशी नाही. जेथे नावे नोंदली जातात आणि वाटे ठरतात, तेथे तिचे नाव निघाले पाहिजे. यहूदाच्या जवळजवळ प्रत्येक राजाच्या नोंदीत त्याच्या आईचे नाव आवर्जून दिले आहे, हे राजांची पुस्तके वाचताना आपल्या ध्यानात येते काय? महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदीत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिण्याचा नियम झाला. वेशीत आईचे नाव घेण्याची रीत आपल्या शास्त्रात पुरातन आहे.

आपल्या गावांची वेस आज चावडीत आणि तलाठ्याच्या दप्तरात आहे. १९९३ साली माझे वडील निवर्तले तेव्हा जाणत्या मंडळींनी रिवाजाप्रमाणे सुचविले की, आईने व बहिणींनी हक्कसोडपत्र करून द्यावे; त्यात भावाबहिणींचे प्रेम टिकते. आईने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "माझ्या लेकींनी खुरपं धरलं तवा कुणी म्हणलं न्हाई, की हे रान तुझं न्हाई. मग आता कागदावर कसं म्हणता?" वारसनोंदीच्या अर्जावर तिने सर्व मुलामुलींच्या नावांसह आपला अंगठा उठविला. काही नातलग पुष्कळ दिवस अबोला धरून होते. ती मात्र प्रत्येक सणाला त्यांच्या घरी पुरणपोळी धाडीत राहिली. 'हायिल' या शब्दाचा याहून स्पष्ट अर्थ मला कोणत्याही कोशात आढळलेला नाही.

तिला कायद्याचे ज्ञान नव्हते. परमेश्वराचे भय होते. कायदाही तिच्याच बाजूचा होता. मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या ख्रिस्ती पुरुषास पत्नी व मुले असतील, तर मिळकतीचा एकतृतीयांश हिस्सा विधवेला आणि उरलेला दोनतृतीयांश मुलामुलींना समसमान मिळावा, असे भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ सांगतो. गोव्याचा स्वतंत्र कायदा व काही अपवाद सोडल्यास तो देशभरातील ख्रिस्ती जनांना लागू आहे. १९८६ साली मेरी रॉय या मातेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की पूर्वीच्या त्रावणकोर संस्थानातील ख्रिस्ती स्त्रियांनाही हाच कायदा लागू आहे. कायदा कित्येक वर्षांपूर्वी वेशीपर्यंत येऊन थांबला आहे. त्याला आत घेणे आपल्या हाती आहे.

वाचकहो, आपली आई हयात असेल, तर तिच्या नावे काय आहे, हे आज पाहा. ती प्रभूमध्ये निजली असेल, तर तिच्या लेकींचा वाटा त्यांना पोहोचला काय, हे विचारा. तिच्यासारखीच पहाटे उठणारी आपली पत्नी, आपली सून, आपल्या घरी भांडी घासणारी बाई, यांना हातांचे फळ मिळते काय? ज्या मंडळीत स्त्रिया मूठ काढतात, तेथे त्या धान्याचा विनियोग ठरविताना त्यांना आसन आहे काय? मातेचे स्मरण म्हणजे केवळ गहिवर नव्हे. ते एक देणे आहे, आणि ते फेडावयाचे असते.

प्रार्थना : हे प्रभू, ज्या हातांनी आम्हांला भरविले व तुझ्यापुढे जोडले, त्या हातांबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. त्या हातांचे जे फळ आम्ही अडवून ठेवले असेल, ते देण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.