बंद घराच्या दारावरची पाटी

कर्वेनगरातील आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक वृद्ध गृहस्थ राहतात. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. सायंकाळी ते गॅलरीत खुर्ची टाकून बसतात, तेव्हा समोरच्या स्टुलावर दोन मोबाइल असतात. एक त्यांचा स्वतःचा. दुसरा त्यांच्या मुलाचा, जो सात वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. मुलगा गेला, परंतु त्याचा क्रमांक येथेच राहिला. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दर अठ्ठाविसाव्या दिवशी काकांनी लाल शाईने वर्तुळ काढलेले असे. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन ते त्या क्रमांकाचे रिचार्ज करून येत. एकदा मी सहज विचारले, "काका, हा फोन कोणासाठी चालू ठेवता?" काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "त्यानं सांगितलंय, बंद पडू देऊ नका."

माझ्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते, हे आम्हा दोघांनाही कळले. विषय तिथेच राहिला. प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही. परदेशी स्थायिक झालेल्या माणसाने मायदेशातील आपला क्रमांक जिवंत ठेवावा काय, आणि ठेवावा तर कोणासाठी? प्रश्न वरवर किरकोळ आहे. खर्च थोडा, त्रास थोडा. परंतु ज्या गोष्टी किरकोळ म्हणून आपण न तपासता करत राहतो, त्यांतच आपले खरे संबंध उघडे पडतात, असा माझा अनुभव आहे.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हा प्रश्न उद्भवलाच नसता. टेलिफोन तेव्हा माणसाचा नसे, घराचा असे. अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ज्यांच्याकडे फोन नसे ते शेजाऱ्यांचा क्रमांक देत आणि त्यापुढे 'पी. पी.' अशी अक्षरे लिहीत. शेजारीण खिडकीतून हाक मारी आणि आपण पायांत चपला न घालताच धावत जात असू. त्या काळी कोणी आखाती देशांत वा अमेरिकेत गेला, तरी त्याचा क्रमांक कोठे जात नसे. तो घराचा होता, घरीच राही. त्याच्याविषयी कोणी विचारले तर आई सांगे, "तो परदेशी आहे, निरोप देते." जाणारा दूर गेला, तरी त्याच्यापर्यंत जाणारी वाट घरातूनच निघत असे.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यात देशातले पहिले मोबाइल संभाषण झाले. त्यानंतर पाहता पाहता क्रमांक घराच्या भिंतीवरून माणसाच्या खिशात आला. २०११ च्या जानेवारीपासून कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवण्याची मुभा देशभर मिळाली आणि तो जणू माणसाचे दुसरे नाव बनला.

मात्र नाव आणि क्रमांक यांत एक मोठा फरक आहे. नाव न वापरल्याने जात नाही, क्रमांक जातो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस वापरात नसेल तर तो बंद करता येतो. खात्यात वीस रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवसांची मुदत मिळते. एकेकाळी 'लाइफटाइम' म्हणून विकलेल्या जोडण्यांनाही २०१८ च्या अखेरीस ठरावीक रिचार्जचे बंधन आले. बंद झालेला क्रमांक काही काळाने नव्या ग्राहकाला दिला जातो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये या विषयावरील याचिका सर्वोच्च न्यायालयासमोर आली, तेव्हा न्यायालयाने नमूद केले की असा क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, आणि त्या अवधीत आपली खासगी माहिती काढून टाकण्याची काळजी आधीच्या ग्राहकाने घ्यावी. थोडक्यात, क्रमांक आपल्या मालकीचा नाही. आपण तो राखतो तोवरच तो आपला.

तो राखण्याची कारणे शोधू लागलो की दोन सापडतात.

पहिले कारण सोयीचे. आज क्रमांक ही किल्ली झाली आहे. बँकेचे खाते, आधार, प्राप्तिकराचे विवरण, भविष्य निर्वाह निधी, या साऱ्या कुलुपांना तीच किल्ली लागते. परदेशातला मुलगा तिकडे दुपारी तीनला संगणकापुढे बसतो, तेव्हा इकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते. काकांचा फोन वाजतो. ते उठतात, चष्मा शोधतात, दुसरा मोबाइल उघडतात आणि सहा आकडे एकेक करून वाचून दाखवतात. मुलगा 'थँक यू, पप्पा' म्हणतो. काका पुन्हा अंथरुणावर पडतात. त्यांच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी तुटलेली झोप पुन्हा लागत नाही, हे ते कोणाला सांगत नाहीत. उलट त्यांना वाटते, या निमित्ताने का होईना, त्याचा आवाज कानी पडला.

येथे मला खरी खंत वाटते, आणि ती केवळ झोपेबद्दल नाही. बँका सतत बजावत असतात की हे आकडे कोणालाही, अगदी कोणालाही सांगू नका. वृद्धांना लुबाडणारे लोक नेमके याच वाटेने घरात शिरतात. अशा वेळी आपण आपल्याच आईवडिलांना काय शिकवत आहोत? अवेळी फोन आला, समोरचा घाईत असला, की आकडे वाचून दाखवायचे. ज्या सवयीपासून त्यांचे रक्षण करणे आपले कर्तव्य होते, तीच सवय आपण प्रेमाच्या नावाने त्यांच्या अंगी बाणवतो. उद्या एखादा परका आवाज तेवढ्याच घाईने बोलला तर काका त्याला काय म्हणतील? मुलाने त्यांचा विश्वास वापरला. त्या विश्वासावर पहारा मात्र ठेवला नाही.

सोयीच्या मागे आणखी एक गोष्ट दडलेली असते. नोकरीसाठी परदेशी स्थायिक झालेल्या माणसाने आपले येथील साधे बचत खाते अनिवासी भारतीयाच्या खात्यात, म्हणजे एनआरओ खात्यात, बदलून घ्यावे अशी परकीय चलनाच्या कायद्याची अपेक्षा आहे. पुष्कळ जण ते करत नाहीत. क्रमांक येथला, पत्ता येथला, मग विचारतो कोण? अशा वेळी चालू ठेवलेला क्रमांक पडद्याचे काम करतो. पडद्याआड लबाडीच असते असे मी म्हणत नाही. बहुधा आळस असतो. परंतु 'मी तेथे राहतो' हे साधे सत्य सांगायचे टाळणे आणि त्यासाठी वडिलांना दाराशी बसवणे, हे सरळ वागणे नव्हे. त्यातून मार्ग नाही असेही नाही. सिमकार्ड सोबत नेऊन रोमिंगची सोय चालू ठेवली तर बँकेचे संदेश तेथेही मिळतात. २०२३ च्या जानेवारीत राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, सौदी अरेबिया, ओमान अशा दहा देशांतील क्रमांकांवरून अनिवासी खात्यांसाठी यूपीआय वापरण्याची वाट मोकळी केली. म्हणजे किल्ली वडिलांच्या उशाखाली ठेवलीच पाहिजे, अशी सबब आता पुरेशी नाही.

दुसरे कारण जिव्हाळ्याचे, आणि ते मला अधिक मोलाचे वाटते. जुना क्रमांक कोणाकोणाजवळ असतो? सुशिक्षित मित्रांचे त्यावाचून अडत नाही. त्यांना नवा क्रमांक एका संदेशात कळतो. परंतु शाळेतले निवृत्त शिक्षक, गावाकडची आत्या, धर्मग्रामाची जुनी कुटुंबनोंदवही, लहानपणी घरकामाला येणाऱ्या मावशी, यांच्याजवळ तेच दहा आकडे असतात. परदेशातल्या क्रमांकावर फोन लावणे त्यांच्या ऐपतीत नसते, किंवा ध्यानीही येत नाही. त्यांच्यासाठी आपण त्या क्रमांकावरच राहतो.

काकांच्या घरी हेच घडले. मुलाला लहानपणी सांभाळणाऱ्या मावशी आता वारज्याला लेकीकडे असतात. गेल्या जून महिन्यात त्यांनी त्या क्रमांकावर तीनदा फोन केला. वारंवार येणाऱ्या जाहिरातींच्या फोनांना कंटाळून काकांनी त्याचा आवाज बंद करून ठेवला होता. रिचार्जच्या दिवशी फोन हाती घेतला तेव्हा त्यांना ते दिसले. त्यांनी उलट फोन केला. मावशींचे काही मागणे नव्हते. नात बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली, एवढेच त्यांना त्यांच्या बाळाला सांगायचे होते. "लागतोय पण उचलत नाही, म्हणजे कामात असंल," असे त्या म्हणाल्या. क्रमांक बंद असता तर त्यांना कळले असते की तो तेथे नाही. तो चालू होता, म्हणून त्यांनी तीन दिवस वाट पाहिली.

बंद घराच्या दारावर नावाची पाटी तशीच असावी आणि येणाऱ्याने कडी वाजवत उभे राहावे, तसे हे झाले. पाटी खोटी नव्हती. पण ती येणाऱ्याला एक वचन देत होती, आणि ते पाळायला आत कोणी नव्हते.

यावर कोणी म्हणेल, माणसाने जन्मभर सर्वांच्या हाकेला बांधून घ्यावे काय? परदेशी जाणाऱ्याला नवे आयुष्य उभारायचे असते. काहींना तर जुन्या जाचातून, जुन्या देण्याघेण्यातून सुटायचे असते. त्यांनी जुना क्रमांक सोडला तर त्यांना कृतघ्न का म्हणावे? हा आक्षेप मला मान्य आहे. क्रमांक सोडण्यात पाप नाही. परंतु सोडण्याचीही एक रीत असते. आपल्याकडे घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. आणि कायमचे जायचे असेल तर निरोप घेतात. बँकेला, सरकारी दप्तरांना, नातलगांना सांगावे, आपली माहिती काढून घ्यावी आणि मग क्रमांक मोकळा करावा. नाही तर तो उद्या एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती जाईल. आपल्या बँकेचे संदेश त्याला येतील, आणि कोणाच्या तरी मृत्यूची वार्ता आपल्याऐवजी तो ऐकेल. न सांगता जाण्याचा भार असा भलत्याच्याच खांद्यावर पडतो.

ज्यांच्या नावाने आमची वस्ती ओळखली जाते, त्या धोंडो केशव कर्वे यांची मला या संदर्भात आठवण होते. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापिली आणि १९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत नेला. त्या वेळी अण्णा फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. दिवसभराचे अध्यापन आटोपल्यावर ते संध्याकाळी काही मैलांचा कच्चा रस्ता तुडवत हिंगण्याला येत, पावसाळ्यात चिखल तुडवत येत. तेथे राहणाऱ्या स्त्रिया त्यांची वाट पाहत असत, आणि वाट पाहणाऱ्यापर्यंत पोहोचण्याचे दुसरे साधन तेव्हा नव्हते. आपल्या हाती साधने उदंड आहेत. वाट पाहणाऱ्याला आपल्यावर विसंबता येते काय, हा प्रश्न मात्र त्या काळी होता तसाच आजही आहे.

म्हणून मला असे वाटते: क्रमांक अवश्य ठेवावा, पण जो ठेवील त्याने तो उचलावाही. ज्याला उचलणे शक्य नाही, त्याने नीट निरोप घेऊन तो सोडावा. या दोहोंच्या मधली स्थिती, की रिचार्ज वडिलांनी करायचे, आकडे वडिलांनी वाचायचे, वाट मावशींनी पाहायची आणि सोय तेवढी आपली, ही दिसायला प्रेमाची असली तरी तिच्यात प्रेमाचा वाटा फार थोडा आहे.

गेल्या नाताळात काकांचा मुलगा आला होता. मावशींच्या फोनची हकीकत काकांनी त्याला सांगितली. आपल्या झोपेची सांगितली नाही. ती मी सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. जाण्यापूर्वी दोन दिवस बँकेत बसून त्याने खाते बदलून घेतले, वर्षभराचे रिचार्ज केले आणि सिमकार्ड सोबत नेले. वारज्याला मावशींकडेही जाऊन आला.

स्टुलावर आता एकच मोबाइल असतो. नव्या कॅलेंडरवर लाल वर्तुळे नाहीत. परवा काकांना विचारले, "आता निवांत झोप लागत असेल?" ते हसले आणि म्हणाले, "झोप लागते. पण रात्री त्याचा फोन येत नाही, त्याचीही सवय व्हायला हवी ना." मी त्यावर काही बोललो नाही. सोय काढून घेतल्यावर नात्यात जे उरते ते मुलाला आता दुसऱ्या वेळी, दुसऱ्या निमित्ताने भरून काढावे लागेल. गेल्या रविवारी सकाळी गॅलरीवरून जाताना मी पाहिले, काका फोनवर बोलत होते. आकडे वाचत नव्हते; कुंडीतल्या मोगऱ्याला कळ्या आल्याचे सांगत होते.