मागे बसणाऱ्याचा हक्क

स्वतःच्या वस्तूचे माणसाने काय करावे हे सांगण्याचा अधिकार दुसऱ्याला नाही, असे आपण सहज म्हणतो. घर माझे, पैसा माझा. मग भिंतीला रंग कोणता द्यावा हे शेजाऱ्याने का सांगावे? हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण मोटारसायकलीच्या हँडलाचा विचार करू लागलो, की मला तो किंचित लंगडा वाटू लागतो.

आमचे शिरवळ पुणे-सातारा हमरस्त्यावरचे गाव. इथल्या तरुणांना जुन्या घाटाच्या मोटारसायकलींचे भारी वेड. 1955 साली मद्रासला बुलेट जुळविण्याचा कारखाना निघाला, तेव्हापासून त्या गाडीवरचा स्वार ताठ बसत आला. कित्येकांना आता ते ताठ बसणे जुनाट वाटते. मूळचे रुंद हँडल काढून ते आखूड, खाली झुकलेले हँडल बसवून घेतात. ही हौसही काही नवी नव्हे. लंडनच्या एस कॅफेत 1950 आणि 60 च्या दशकांत जमणाऱ्या पोरांनी ती शर्यतीच्या गाड्यांवरून उचलली होती.

शर्यतीत तिला अर्थ आहे. स्वार पुढे वाकला की वारा कमी अडतो आणि भरधाव वेगात तोच वारा छातीला थोडा आधार देतो. गावातल्या वेगात तो आधार नसतो. अंगाचा भार मनगटांवर येतो. हँडल आखूड, म्हणून हळू वळताना जोरही जास्त लागतो.

वडीलधारी मंडळी या पोरांना हसतात. मी हसत नाही. सुंदर दिसण्यासाठी थोडे सोसणे हे माणसाचे जुने व्रत आहे. जड नथ काय, घट्ट फेटा काय, सोयीसाठी कोण घालतो? मनगटे त्याची, कळाही त्याच्या.

पण गाडीला मागे आणखी एक आसन असते. हँडल बदलायला निघालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी विचारले, “मागं कोण बसतं तुझ्या?”

“आई बसते की, सर. दवाखान्याला न्यावं लागतं.”

आमच्याकडची आई एका अंगाला पाय सोडून बसते आणि एक हात मुलाच्या खांद्यावर ठेवते. तिचा सगळा भरवसा त्या खांद्यावर. मुलगा वाकला, की खांदा हातापासून दूर जातो. खंबाटकीच्या उतारावर ब्रेक लागला, की तिचा भार त्याच्या पाठीवर आणि पाठीवरून त्याच्या मनगटांवर येतो. कागदोपत्री गाडी एकाची. प्रवास मात्र दोघांचा.

हँडल बदलूच नये, असे माझे म्हणणे नाही. थोडेसेच खाली येणारे हँडलही मिळते, आणि न मानवले तर मूळचे परत बसविता येते. संसारातले सगळेच बदल असे परतविता येत नाहीत. घरचा कर्ता जमीन विकतो, नोकरी सोडतो, बिऱ्हाड हलवितो आणि म्हणतो, “माझे आहे, मी ठरवीन.” मालकी त्याची असेलही. पण ज्याच्या हाती हँडल असते, त्याला निदान पुढचा रस्ता दिसतो. मागे बसणाऱ्याला बहुधा त्याची पाठच दिसते. म्हणून पाना हाती घेण्याआधी मागच्याला विचारावे. ते विचारणे उपकार नव्हे. तो त्याचा हक्क आहे.